आवाज नको

देऊळघाटच्या उकंडरावाच्या अंगणात डफ बडवला जात होता आणि सोजराबाई पोटच्या पोरीचे पाय दाबून बसली होती. कोकिळाला आठवा लागलेला. सकाळी तिचे डोळे फिरले, दातखीळ बसली, अंग लाकडासारखं ताठलं. सासरा उकंडराव म्हणाला, बाहेरचं लागलं. झालं! नवं मराठी राज्य झालं म्हणून पेढे खाल्लेल्या गावानं डॉक्टर सोडून कडूबा भगताला बोलावलं.

"पाय सोडू नको, बाई," म्हणत कडूबानं मिरच्यांची धुनी कोकिळाच्या नाकाशी नेली. "बोल, कोन हायेस तू?"

तिच्या तोंडातून रक्ताचा फेस आला. जीभ दातांखाली चिरली होती. कडूबानं चाबूक ओढला. एक छातीवर, एक भरल्या पोटावर.

सोजराबाईचा हात सरकला. पोरीच्या नडगीवर तिच्या बोटांचे खड्डे पडले होते, ओल्या मातीत पडावेत तसे. भरून येईनात. याच सुजेला सासरच्यांनी 'पोरगाच हाय' म्हणून कौतुकानं कुरवाळलं होतं.

"भुताले सूज येते काय बे?" ती म्हणाली.

"काय?"

तिनं धुनीचं खापर उचललं आणि निखाऱ्यांसकट त्याच्या तोंडावर हाणलं. कडूबा हंबरत लोळला. चाबूक तिच्या हाती आला. उकंडराव आडवा आला, त्याच्या गालाचं कातडं निघालं. जावई इंद्रभान भिंतीला चिकटून उभा होता.

"गाडी जुंपता का तुम्हाले बी देऊ, जावईबापू?"

त्यानं बैल जुंपले.

बुलढाण्याच्या दवाखान्यात मूल मेलेलं निघालं. डॉक्टरीणबाईनं कोकिळाला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. "रक्ताचा दाब डोक्यात चढलाय. उजेड नको, आवाज नको. भांडं पडलं तरी झटका येईल. आता आला तर ही जाईल."

आवाज नको. आणि त्या हलकटांनी तिच्या उशाशी डफ बडवला होता.

दुसऱ्या दिवशी व्याही उकंडराव आला तो व्हरांड्यातूनच गरजत. "आमची सून काढा बाहेर! अजून उतरलं नाही तिचं!"

सोजराबाईनं दार हळूच ओढून घेतलं. मग त्याचा गळा धरून त्याला भिंतीशी खाली बसवलं आणि पदराचा बोळा त्याच्या तोंडात कोंबला. त्याचे डोळे पांढरे व्हायला लागले.

"हळू, इवाई. पोरगी निजली हाय माही."

उकंडरावाच्या टाचा फरशीवर आपटू लागल्या. रात्रभर व्हरांड्यात बसून असलेला इंद्रभान पुढं आला. त्यानं एकदा बंद दाराकडं पाहिलं, खाली बसला आणि बापाचे पाय घट्ट दाबून धरले.