म्हसवडची भाची

मायाचं नाव रेशनकार्डावरून उडालंय, हे तिला कळलं ते सांगलीच्या दवाखान्यात, रेशनकार्डावर फुकट उपचार मिळणाऱ्या योजनेच्या खिडकीसमोर उभी असताना.

"कार्डावर दोनच नावं आहेत. येसूबाई आणि शिवांजली," खिडकीतली मुलगी म्हणाली. "तुमचं नाव तपासणीत कमी झालंय. आधार जोडलेलं नव्हतं."

सासू राहिली, लेक राहिली, मधली सून तेवढी गळाली. पोटात गाठ होती, अंगावरून जाणं थांबत नव्हतं. गर्भपिशवी महिन्याभरात काढा, योजनेत फुकट होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनं फाईल पिशवीत घातली आणि पलूसची एसटी धरली.

आधार निघणार कुठून? माया नऊ वर्षांची असताना बापाचं बोट धरून नेपाळातल्या अछामच्या डोंगरातून पाचगणीला आली. बाप हरकबहादूर तिथल्या एका निवासी शाळेचा पहारेकरी होता. त्याच शाळेच्या भटारखान्यात पलूसचा जालिंदर पोळ्या लाटायचा. दोघांचं जमलं, लग्न झालं. पलूसच्या विहारात बायकांनी 'बुद्धाच्या देशाची सून' म्हणून तिची ओटी भरली. त्यांना वाटायचं, हिचं घर लुंबिनीला लागूनच असणार. मायानं लुंबिनी कधी बघितली नव्हती, पण ती हसून मान डोलवायची. पुढं पंचवीस वर्षं ती द्राक्षबागांत राबली. बाप पाचगणीतच वारला. दोन वर्षांमागं जालिंदरही गेला. एवढ्या काळात तिला कुणी कागद विचारला नव्हता.

सेवा केंद्र चालवणारा लालासाहेब जालिंदरचा मित्र. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, नेपाळच्या माणसाला हितं ऱ्हायला, काम करायला कोण आडवत न्हाई. पण योजनेला हितला नागरिक लागतो. तुमच्याकडं तिकडचा तरी कागद हाय का?"

"न्हाई. नऊ वर्साच्या पोरीला कोण काढून देतंय?"

तिनं अछामला भावाला फोन लावला. तो म्हणाला, ये, तुझ्या नागरिकत्वाच्या कागदाला मी सही करतो, पण बापाच्या जमिनीवरचा हक्क आधी सोडून दे. माया त्यालाही तयार झाली. लालासाहेबानंच तिला थांबवलं.

"तो कागद घिऊन आलासा की तुमी रीतसर परदेशी. मग कार्डावर नाव चढायचं इसराच. नागरिक व्हायला अर्ज करता येतो, पण त्याला वर्सं जात्यात. तुमची गाठ थांबंल व्हय तवर?"

कागद नव्हता म्हणून ती कुणीच नव्हती, आणि कागद आणला तर परकी होणार होती. माया घरी आली आणि चुलीपुढं नुसती बसून राहिली.

येसूबाई कोपऱ्यात शेंगा फोडत होती. सत्तरी उलटलेली, बोलायला तुटक. ती म्हणाली, "मला काय म्हणतीस तू?"

"आत्या."

"मग खरीच आत्या हुतो. म्हसवडचा माजा भाऊ गुंडा मरून धा वर्सं झाली. पोटी लेकरू न्हाई, बायकू बी गेली. तू त्याची लेक. भाची सून करून आणली म्हणायचं. कोण इचारतंय?"

"आत्या, माजा बा..."

"तुजा बा मेला. तू मरू नगंस."

शिवांजली बारावीत होती. ती पुस्तक मिटून म्हणाली, "आणि पाचगणीचे आजोबा?"

"ते नव्हतंच," येसूबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी हरकबहादूरचा फोटो भिंतीवरून उतरला आणि गोधडीखाली गेला. लालासाहेबानं जन्माच्या दाखल्याचा अर्ज भरला, आणि चौकशी होईस्तोवर अछामला फोन करू नका असं सांगितलं. मायाची म्हातारी आई तिकडून दर शनिवारी फोन करायची. मायानं सिमकार्डच बदललं.

मायाचा जन्म म्हसवडचाच, अशी साक्ष द्यायला तिथला अर्जुना नावाचा म्हातारा आला. तहसील कचेरीत साहेबानं मान वर न करता विचारलं, "वडलांचं नाव?"

मायाच्या ओठांवर हरकबहादूर आलं. येसूबाईनं टेबलाखालून तिचा पाय दाबला.

"गुंडा," माया म्हणाली. "गुंडा रामा सरतापे."

साहेबानं तिच्या तोंडाकडं, बारीक डोळ्यांकडं क्षणभर पाहिलं. मग शिक्का मारला.

जन्माचा दाखला आला, त्यावरच्या माहेरच्या नावानं आधार निघालं, नाव कार्डावर चढलं. मधल्या तीन आठवड्यांत माया दोनदा चक्कर येऊन बागेत पडली. पण ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. डॉक्टर म्हणाले, "वाचलात." येसूबाईनं पदरानं डोळे पुसले आणि चहा आणायला खाली गेली.

शेजारच्या खाटेवर मनुबाई नावाची बाई होती, पाय प्लास्टरात. वेळ जात नव्हता तिचा.

"म्हायार कुटलं गं तुजं?"

"म्हसवड," माया सवयीनं बोलून गेली.

"अगं बया! मी बी म्हसवडचीच. कुणाची तू?"

मायानं डोळे मिटून घेतले. पण खाटेच्या पायथ्याशी पाटी होती, त्यावर आधारवरचं पूर्ण नाव होतं. मनुबाईनं वाकून ते अक्षर अक्षर लावत वाचलं.

"सरतापे? गुंडा सरताप्याची? आमच्या आळीलाच तर ऱ्हायचा. त्याला कुटं लेकरू हुतं?"

मायानं दाराकडं पाहिलं. तिथं नर्स उभी होती, कसलं तरी रजिस्टर भरत.

"मी ल्हानपनीच आत्याकडं आले," ती म्हणाली.

"व्हय? मग सिद्धनाथाच्या जत्रंला कवा दिसली न्हाईस ती."

"जत्रा... आठवत न्हाई."

मनुबाई तिच्याकडं पाहतच राहिली. कपाळ, गालाची हाडं, डोळे, एकेक करून. मग तिनं तोंड पलीकडं फिरवलं. तिनं काय ओळखलं, आणि संध्याकाळी भेटायला येणाऱ्या आपल्या पोराला ती काय सांगणार, हे मायाला कळायला मार्ग नव्हता. उठून खाट बदलून मागावी, तर अंगात उठायची ताकद नव्हती. मागितली तरी कारण काय सांगणार?

तिनं चादर हनुवटीपर्यंत ओढली. घरी सोडणार होते शुक्रवारी. आज सोमवार होता.