चौथा झरा

बाण थरथरला, जरासा डावीकडे झुकला, पुन्हा सरळ झाला, पुन्हा झुकला... नखाएवढा काळा बाण, तळहातात मावणाऱ्या पडद्यावर, आणि त्याच्याखाली तपकिरी रेषांचं दाट जाळं. जागच्या जागी उभं राहिलं की तो असाच चुळबुळत राहतो, हे तिला ठाऊक होतं. चार पावलं चाललं की ताळ्यावर येतो. हे जीपीएस यंत्र कसं वापरायचं ते पाणीपुरवठा खात्यातल्या प्रत्येक नव्या माणसाला तीच शिकवत आली होती — उपग्रह सापडेपर्यंत धीर धरा, खुणेचं नाव दोनदा वाचा, आणि बाणाच्या मागे आंधळ्यासारखे पळू नका — हे सगळं तिच्या तोंडात अजून जसंच्या तसं होतं, एक शब्द इकडचा तिकडे न होता.

"वॉकीटॉकी चालू ठेव," नवरा म्हणाला. त्याने आज रजा काढली होती. जीपच्या बॉनेटवर हात टेकून तो उभा होता, आणि त्याचा चेहरा मुलीला पहिल्यांदा शाळेत सोडताना झाला होता तसा झाला होता. ड्रायव्हरकाका गाडीची काच पुसत होते, काच स्वच्छ असूनही. दोघांनाही तिच्याकडे बघायचं नव्हतं आणि दुसरीकडेही बघवत नव्हतं. तिने मान हलवली, पाठपिशवी चढवली आणि निघाली, आणि खरोखरच चौथ्या पावलाला बाण निमूटपणे सरळ झाला.

समोरचा डोंगर तिला तोंडपाठ होता... होता. उन्हाळा आला की या डोंगरावरचे चार झरे तपासायचे, पाणी वाहतंय का बघायचं, बादली किती वेळात भरते ते मोजायचं, आणि खालच्या वस्त्यांना नळाचं पाणी पुरेल का ते खात्याला कळवायचं — इतकी वर्षं हे काम तिचं. यंत्रातल्या झऱ्यांच्या खुणाही तिनेच नोंदवलेल्या. पूर्वी ती यंत्र पिशवीतून काढायचीसुद्धा नाही. पाय आपोआप वळायचे. सगळे तिला गमतीने घार म्हणत, कारण कुठेही नेऊन सोडलं तरी तिला सगळं वरून दिसत असल्यासारखं कळायचं. आणि आता तोच डोंगर तिच्याकडे असा बघत होता, जसा एखादा माणूस लग्नसमारंभात आपल्याकडे बघून हसतो आणि आपल्याला त्याचं नाव काही केल्या आठवत नाही.

मागच्या वर्षी मेंदूला सूज आली होती. ताप उतरला, वाचा परत आली, हातापायांत बळ आलं, माणसं आठवली, पाढे आठवले, मुलीच्या लहानपणीच्या खोड्या आठवल्या. सगळं शाबूत. गेली ती एकच गोष्ट, आणि ती गेल्याचं कुणाला कळायलाही दिवस लागले. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं की तुम्हाला प्रत्येक जागा ओळखता येईल, पण ती दुसऱ्या जागेच्या कुठल्या बाजूला आहे हे मनात दिसणार नाही. कदाचित परत येईल, कदाचित नाही येणार. तेव्हा तिने शहाण्यासारखी मान डोलावली होती. घरी आल्यावर बाथरूमचं दार उघडून बाहेर पाऊल टाकलं, आणि स्वयंपाकघर कुठल्या हाताला तेच कळेना. भिंती होत्या, दारं होती, सगळी ओळखीची. पण पत्त्यांसारखी पिसून ठेवलेली.

एकदा ती कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे शर्टाचं बटण लावून आणायला गेली. मुलीला ती सापडली सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर, शर्ट छातीशी धरून उभी. "आई," मुलगी म्हणाली, "सायकलवाले बटणं नाही लावून देत." दोघी रस्त्यात हसल्या, पोट दुखेपर्यंत हसल्या. घरी आल्यावर ती टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडली. त्या दिवसापासून नवरा तिच्याबरोबर सगळीकडे येऊ लागला — कुरकुर न करता, कपाळाला एक आठी न घालता... आणि हेच तिला सोसवत नव्हतं. एकदा तरी त्याने चिडावं. एकदा तरी म्हणावं की कंटाळलो बाई तुझ्या मागे हिंडून. पण तो नुसता हलक्या हाताने तिचं कोपर धरायचा, आणि तेवढ्यानेच तिला कळायचं की आता वळायचं आहे.

ऑफिसात मॅडमनी आतलं काम देऊ केलं होतं. बसून नकाशे तपासायचे. मॅडमच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट खिडकीजवळचं टेबल तिच्यासाठी रिकामं करून ठेवलं होतं. तिने एक दिवस मागितला. चारही झरे एकटीने करून येते, मग तुम्ही ठरवा. मॅडम बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत राहिल्या आणि मग म्हणाल्या, वॉकीटॉकी बरोबर हवी, आणि खाली कुणीतरी थांबलेलं हवं.

पहिले तीन झरे सरळ गेले. बाण दाखवील तिकडे चालायचं, अंतराचा आकडा कमी कमी होत जायचा, आणि यंत्र चिमणीसारखं चिवचिवलं की मान वर करायची — समोर पाणी! ओळखीचं पाणी, ओळखीचा खडक, पण ते तिथे कसं आलं, ती तिथे कशी आली... काही पत्ता नाही. तिने बादली लावली, वेळ मोजला, फोटो काढले, नोंदी केल्या. सगळं बिनचूक. आणि तरी आनंद असा होईना. हे म्हणजे परत कुणीतरी कोपर धरूनच चालवल्यासारखं. नवरा नाही तर बाण. मला एवढंच करायचं असेल तर खिडकीजवळचं टेबल काय वाईट...

चौथ्याची खूण निवडली तेव्हा बाणाने समोरचा गवताळ उतार दाखवला. अंतर इतकं थोडं की हाकेला ओ यावी. ऊन कलायला लागलं होतं, पाय दमले होते, आणि हे संपवून टाकावं या एकाच विचाराने ती भराभर उतरू लागली. नजर आकड्यावर. आकडा झरझर कमी होत होता. पायाखालचा एक धोंडा सुटला, गडगडत गवतातून गेला, आणि मग... मग त्याचा आवाजच येईना. बराच वेळ नाही. आणि आला तेव्हा फार खालून आला.

ती मटकन खाली बसली, दोन्ही मुठींत गवत धरून. काही पावलांवर गवत संपत होतं आणि पुढे नुसती हवा होती. सरळ रेषेत झरा जवळच होता, बरोबर, पण कड्याच्या पायथ्याशी. बाणाला काय त्याचं! त्याला मधला कडा दिसत नाही. तो पाखराला सांगावं तसं सांगतो. नव्या माणसांना मी हेच सांगायचे ना, हेच, याच शब्दांत... आणि नेमकी तेव्हाच वॉकीटॉकी खरखरली.

"कुठे आहेस?" नवऱ्याचा आवाज. "सगळं ठीक?"

तिने बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. "चौथ्याच्या वर आहे."

"मी येऊ का? तू आहेस तिथेच बस, मी येतो."

हो म्हणायला तोंड उघडलं होतं तिने. किती सोपं होतं! बसून राहायचं, तो येणार, धापा टाकत, कोपर धरणार, आणि वाटेत एका शब्दाने बोलणार नाही, आणि उद्या मॅडमना फोन करून सांगेल की प्रयत्न चांगला केला तिने... "नको," ती म्हणाली. स्वतःच्याच आवाजाचं तिला नवल वाटलं. "तू थांब. मी बघते."

मग तिने यंत्र मांडीवर ठेवलं आणि बाणाचं पान बंद करून नुसता नकाशा उघडला. तपकिरी रेषा. पूर्वी ती या रेषांकडे बघायची ते क्षणभर, आणि त्या उठून उभ्या राहायच्या, अख्खा डोंगर होऊन. आता नाही उठल्या. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मनात कुठेतरी आशा होतीच, पण रेषा कागदावर राहाव्यात तशा सपाट पडून राहिल्या. मग, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, तिने बोट ठेवलं आणि पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर लावायला घेतलं. इथे रेषा एकमेकींना चिकटल्यात — हा कडा, याच्या मी वर बसलेय. इकडे त्या सुट्या होत जातात — इथून उतार निवळतो. इथे रेषांची टोकं खालच्या अंगाला आलीत, म्हणजे डोंगराची सोंड. आणि तिच्या पलीकडे टोकं वरच्या अंगाला — तो ओढा. सोंडेवरून उतरायचं, ओढा लागला की त्याच्या काठाने परत वर, कड्याच्या पायथ्याशी. हे दिसत नव्हतं तिला. वाचता येत होतं. एक ओळ वाचली की दुसरी.

ती उठली. सोंड लागली तेव्हा दोन्ही बाजूंनी जमीन खाली जात होती, जशी जायला हवी होती तशी. तिने मोठ्याने म्हटलं, "बरोबर." जरा पुढे उतार निवळला. "बरोबर." एका जागी चूक झाली. जमीन चढायला लागली, रेषा तसं म्हणत नव्हत्या. तेव्हा ती थांबली, मागे आली, तेच वाक्य पुन्हा लावलं, आणि या खेपेला नीट लागलं. चुकल्यावर घाम फुटला नाही, हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

ओढ्यात उतरल्यावर मात्र यंत्र बावचळलं. आताच तिला पलीकडच्या काठावर दाखवत होतं, आणि लगेच कड्याच्या माथ्यावर. कड्याला आपटून आलेले उपग्रहांचे संदेश त्याला फसवत होते, हेही ती शिकवायची. वर्षभर सगळी दुनिया तिच्याशी अशीच वागत आली होती, आता हेही वेड्यासारखं करायला लागलं. तिला हसूच आलं. "राहू दे," ती यंत्राला म्हणाली, "जरा बस," आणि ते खिशात टाकलं. दगडगोट्यांमधून पाण्याची बारीक धार तिच्याकडे येत होती. पाणी येतं ते वरून. मग वर जायचं.

झरा होता तिथे नव्हता. खडकातली ती जुनी फट कोरडी ठणठणीत, शेवाळाचे पापुद्रे वाळून उभे राहिलेले. एवढं करून... पण मग ही धार कुठली? ती वाकली, ओल्या मातीचा माग हाताने चाचपत गेली, आणि थोडं खाली, एका आडव्या शिळेच्या पोटाखाली तिला ते सापडलं. गार, स्वच्छ, जाड धारेचं पाणी. आटलं नव्हतं, दुसरी वाट काढून बाहेर आलं होतं. तिने बादली लावली आणि ती भरताना बघत राहिली. बादली लवकर भरली, तिच्या आठवणीपेक्षा लवकर, म्हणून तिने परत एकदा मोजलं, आणि खात्री पटल्यावर चेहऱ्यावर पाणी मारलं.

ही जागा नव्याने नोंदवायला हवी होती. तिने यंत्र शिळेवर ठेवलं. अशा अडचणीच्या जागी एकदाच बघून खूण करत नाहीत. यंत्राला बसू द्यायचं, ते पुन्हा पुन्हा आपली जागा तपासतं, इकडे तिकडे भरकटतं, आणि हळूहळू सगळ्या भरकटण्यांची सरासरी एका ठिकाणी येऊन स्थिरावते. घाई करायची नाही. ती शेजारी बसली आणि डबा उघडला. वर्षभरात पहिल्यांदाच ती अशा ठिकाणी बसून जेवत होती, जिथे तिला कुणी आणून सोडलं नव्हतं. इथून घर कुठल्या बाजूला? माहीत नाही. ऑफिस? माहीत नाही. हे काही परत आलेलं नव्हतं, आणि ती स्वतःला फसवणार नव्हती. उद्या बाथरूमबाहेर ती पुन्हा उभी राहील. मॅडम काय ठरवतील तेही सांगता येत नाही. आजच्या दिवसाचं खरंखुरं सांगायचं तर कड्याचंही सांगावं लागेल, आणि ते ऐकून टोपणाची परत काढघाल होईल. सांगावं. धोंड्याचा आवाज किती उशिरा आला तेही सांगावं.

उतरताना ती आलेल्या वाटेनेच आली, पडद्यावरचा तुटक माग धरून, आणि सोंडेच्या टोकाला आल्यावर एकदम खाली जीप दिसली. काडेपेटीएवढी. ड्रायव्हरकाका सावलीत आडवे झालेले. आणि नवरा — तो जीपभोवती फेऱ्या घालत होता. मग थांबला, कपाळावर हात आडवा धरून डोंगराकडे बघू लागला.

तो भलतीकडेच बघत होता. ती जिथून सकाळी चढली होती तिकडे. एका जागी नजर लावून, मग जरा बाजूला, मग परत तिथेच. त्याची मान पुढे आली होती, एक पाय उचललेला, निघावं की थांबावं अशा पेचात. इतक्या दुरूनही ती ते उभं राहणं ओळखत होती, ते तिचंच होतं. सायकलवाल्याच्या दुकानासमोरचं. म्हणजे हाही... वर्षभर तो तिला शोधत होता, आणि तिला वाटत होतं की त्याला सगळं माहीत आहे. तिच्या मनातली ती जुनी चीड, कोपराशी येऊन थांबलेली, एकदम सैल झाली. तिला त्याची दया नाही आली. त्याच्याशी बोलावंसं वाटलं, खूप दिवसांनी, कामाशिवाय.

तिने बटण दाबलं. "मला दिसतोयस तू."

खालचा ठिपका गर्रकन वळला, पुन्हा भलतीकडे. "कुठे? कुठे आहेस?"

त्याच्या डावीकडे की उजवीकडे? ते सांगायचं तर सगळा डोंगर मनात फिरवून त्याच्या जागी उभं राहून बघायला हवं. तिने प्रयत्न केला. डोंगर फिरला नाही. तिने पुन्हा एकदा प्रयत्न केला, अगदी सावकाश, एखादं जड कपाट हलतंय का बघावं तसा, आणि नाही हलला तेव्हा तो तसाच राहू दिला. जीव घाबरला नाही. दुसऱ्या रीतीने सांगता येईल.

"तुझ्यासमोर ओढा आहे ना," ती म्हणाली, "त्याच्यावर नजर ठेव. घाई करू नकोस. आता नजरेनेच त्याच्या काठाकाठाने वर ये... ये वर... एक मोठा पांढरा खडक लागेल. लागला?"

"थांब," तो म्हणाला. "थांब जरा... बघतोय."

ती थांबली. वारा सुटला होता, आणि तिला कसलीच घाई नव्हती.