गोतास काळ

लॉन्ड्रीतल्या बायका तिला 'लेखिकाबाई' म्हणायला लागल्या, तेव्हा तिची एक ओळही कुठे छापून आली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत डब्याखाली अंथरलेला जुना पेपर ती वाचायची, एवढंच निमित्त. परक्या भाषेतला पेपर, ओळीवर बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत. थोरली जाऊ म्हणायची, "आमच्या लेखिकाबाईंना आधी चादरीची घडी तरी नीट घालता येऊ दे."

ती घडी शिकवली जावेनंच. लग्न होऊन ती परदेशात आली तेव्हा विमानतळावर घ्यायलाही जाऊच आली होती. स्वतःचा जाड कोट हिच्या अंगावर चढवून आपण कुडकुडत घरी गेली होती. दोघे भाऊ, दोघी जावा, भाड्याचं एकच घर. नवरा बसच्या आगारात मेकॅनिक, थोरले दीर लॉन्ड्रीची गाडी चालवायचे. शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या चादरी तिथं धुवायला यायच्या.

लॉन्ड्रीचा मालक आपल्यातलाच. सगळे त्याला शेठ म्हणत. देशाकडून कुणी नवीन आलं की शेठ काम द्यायचा, खोली बघून द्यायचा, पोरांना शाळेत घालायला स्वतः सोबत जायचा. आपल्या लोकांनी बांधलेल्या सभागृहावर त्याच्या वडिलांचं नाव होतं. असा माणूस कामाची पाळी सुरू झाली की दाराला बाहेरून कुलूप लावतो, याबद्दल मग कोण बोलणार? बायका उगाच बाहेर जाऊन टाइमपास करतात, असं त्याचं म्हणणं.

एका सकाळी वाफेचा नळ फुटला. बायका दाराकडे धावल्या. कुलपाची किल्ली मुकादमाच्या खिशात, आणि मुकादम कोपऱ्यावर चहाला गेलेला. तो येईपर्यंत सगळ्या जणी ओल्या चादरी पांघरून भिंतीशी बसून राहिल्या. पण नळाजवळ उभी असलेली एक विधवा, जिला सगळ्या मावशी म्हणत, तिचे दोन्ही हात खांद्यापर्यंत भाजले होते.

शेठनं मावशीला आपल्याच गाडीतून इस्पितळात नेलं. मागच्या सीटवर मावशीचं डोकं मांडीवर घेऊन ही बसली होती. डॉक्टरांनी विचारल्यावर शेठनं त्यांच्या भाषेत सांगितलं, घरी पाणी उकळताना सांडलं. सोबत आलेल्या बाईला काय कळतंय, असं त्याला वाटलं असावं. पण डब्याखालच्या पेपरांनी हिला तेवढी भाषा शिकवली होती.

तिनं घडलं तसं लिहून काढलं आणि आपल्या लोकांच्या मासिकाकडे दिलं. संपादकाचं औषधाचं दुकान होतं. गिऱ्हाइकं नसली की तो मासिक बघायचा. त्यानं वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, छान उतरलंय, फक्त कुलपाचा उल्लेख काढा.

"कुलूप काढायचंच, तर लेखातून कशाला? दारावरूनच काढायला सांगा की," ती म्हणाली.

मासिकात काही ते आलं नाही. मग तिनं ते परक्या भाषेत मोडकंतोडकं उतरवलं. शहरातल्या पेपरला देण्याआधी मावशीला विचारायला गेली. मावशी पट्ट्या बांधलेले हात उशीवर ठेवून बसली होती. म्हणाली, "माझं नाव घालू नकोस. पण हातांचं लिही."

पेपरनं व्याकरण तेवढं सुधारून ते पहिल्या पानावर छापलं. सरकारी तपासनीस आले, कुलूप कायमचं निघालं, शेठला दंड झाला. शेठनं तिला कामावरून काढलं, आणि तिच्या दिरांनाही. भाऊजींचा यात काडीचा संबंध नव्हता. त्या संध्याकाळी जाऊ स्वयंपाकघरात आली, गॅस बारीक केला आणि शांतपणे म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तशी गत केलीस. ज्यानं पोटाला घातलं त्याच्याच घरचे वासे मोजलेस. आता माझ्याशी बोलू नकोस."

महिनाअखेरीला जाऊ आणि भाऊजी दुसरीकडे राहायला गेले. नवऱ्यानं तिला एकच विचारलं, "खोटं लिहिलंस का?" ती नाही म्हणाली. "मग झालं तर," म्हणून तो जेवायला बसला. पण दादाची रिकामी खुर्ची त्यानं कितीतरी दिवस भिंतीपासून हलवली नाही.

सभागृहात गेलं की त्यांच्या आजूबाजूची माणसं उठून दुसरीकडे बसत. शेवटी त्यांनी जाणंच सोडलं. तिनं इस्पितळात दुभाष्याचं काम धरलं, कारण रोग्याचं दुखणं त्याच्या मालकानं सांगावं हे तिला पुन्हा बघायचं नव्हतं. त्या कामातून बायका ओळखीच्या झाल्या. कुणाचा पासपोर्ट नवऱ्यानं दडवलेला, कुणाचा मालकानं. त्या तिच्या घरी येऊन बसायला लागल्या, आणि त्यातून संघटना उभी राहिली. मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, दोनदा पोलिसांच्या गाडीतही बसून झालं. दरम्यान लॉन्ड्रीवरचं तिचं पुस्तक निघालं, मग आणखी काही. शाळांतून धडे लागले. केस पांढरे झाले. जाऊ मात्र रस्त्यात दिसली तरी पलीकडच्या फुटपाथवर जायची.

मग एका निवडणुकीत गंमत झाली. बाहेरून आलेल्यांना परत धाडा म्हणणारा एक पुढारी भरसभेत तिचं पुस्तक उघडून कुलपाचं पान वाचू लागला. बघा, ही माणसं आपल्याच बायकांना कशी कोंडतात. हे त्यांच्यातलीच बाई सांगते आहे. टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात शेठच्या लॉन्ड्रीच्या काचा फोडल्या गेल्या.

संघटनेतल्या काही जणी म्हणाल्या, फुटू देत, त्याची लायकीच ती. तिला ते पटलं नाही. पुढाऱ्याची पुढची सभा नगरभवनात होती. ती तिथं गेली आणि प्रश्न विचारायच्या वेळी उठली.

"तुम्ही वाचलंत ते पान माझं आहे," ती म्हणाली. "कुलूप शेठनं लावलं होतं, हे मी आजही लिहीन. पण तुम्ही पान उलटलं नाहीत. त्या चादरी तुमच्या इस्पितळाच्या होत्या. इतक्या स्वस्तात कशा धुऊन मिळतात, हे इथल्या एकानंही विचारलं नाही. त्यावर झोपलात मात्र सगळे. मी हे बायकांसाठी लिहिलं. त्यांना हाकलायला माझं पुस्तक वापरू नका."

अर्धी सभा ओरडत होती, अर्धी गप्प होती. पुढारी निवडून आलाच. परत धाडण्याचा कायदा मात्र मताला टाकला तेव्हा थोडक्यात पडला. आपल्या लोकांत कुणी म्हणालं, उशिरा का होईना शहाणपण सुचलं. कुणी म्हणालं, शेठला विकली गेली.

पुढच्या रविवारी दारात जाऊ उभी. गुडघे धरून आत आली, पाणी प्यायली, आणि पिशवीतून तेच पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

"मला ही भाषा वाचता येत नाही," ती म्हणाली. "माझ्याबद्दल काय लिहिलंयस, ते वाचून दाखव."

तिनं वाचलं, परक्या भाषेतलं वाक्य डोळ्यांनी घेत, तोंडानं आपल्या भाषेत सांगत. जाऊ मध्ये मध्ये म्हणे, असं नव्हतं ते. स्वयंपाकघरातला प्रसंग आला तेव्हा तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. पुस्तक मिटल्यावर म्हणाली, "आम्ही ते घर सोडल्यावर वर्षभर यांना काम नव्हतं. त्याचं यात काही नाही."

"मला माहीतच नव्हतं, जाऊबाई. सांगा, लिहिते."

"लिहिशील नंतर. आधी ऐक."

ती ऐकत राहिली. मग दर रविवारी ऐकत राहिली. पुढचं पुस्तक तिनं आपल्या भाषेत लिहिलं, जावेच्या तोंडचं. प्रकाशन त्याच सभागृहात झालं. नवरा आणि भाऊजी शेजारी शेजारी बसले होते. शेठ आला नाही. जाऊ पहिल्या रांगेत बसली, शेवटपर्यंत टाळी वाजवली नाही, आणि नंतर चहाच्या वेळी भेटेल त्याला पुस्तकात काय काय चुकलंय ते सांगत हिंडली.