पूर्ण दाबला होता

लोखंडी गज घेऊन तो गॅरेजमध्ये घुसला, तेव्हा आमचे हे एका इंजिनात डोकं घालून उभे होते. पहिला फटका पाठीत बसला. दुसरा चुकवायला ह्यांनी उजवा हात वर केला आणि बोटं मोडल्याचा आवाज मला पार काउंटरपर्यंत ऐकू आला.

"पिकअप नाही म्हणून गाडी दिली होती ना तुझ्याकडे?" तो ओरडत होता. "मग काय बघितलंस तू? माझी बहीण तिकडे मरायला टेकलीय."

मी भांडखोर बाई आहे, सगळी गल्ली सांगेल. चाकं खोलायचा लांब पाना उचलला आणि त्याच्या मांडीवर हाणला. तो गुडघ्यावर आला. पुढचा डोक्यातच घालणार होते, पण हे म्हणाले, "थांब गं." मी थांबले, पाना मात्र खाली ठेवला नाही.

गाडी आम्हाला ठाऊक होती. छोटी, पांढरी. त्याची बहीण चालवायची. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी उचलतच नाही, चढावर तर रडते, अशी तिची तक्रार. गेल्या आठवड्यात तिचा नवरा गाडी घेऊन आला. तो सुतार आहे, आणि भलताच हुशार सुतार. ह्यांनी हवेचा फिल्टर झटकला, प्लग बदलले, पेट्रोलची नळी साफ केली आणि मग नेहमीप्रमाणे चपला काढून चक्कर मारायला गेले. गाडी तपासताना हे कधीच पायात काही घालत नाहीत. गाडीचं दुखणं आधी तळपायाला कळतं, कानाला नंतर, असं ह्यांचं म्हणणं. गल्लीत म्हणूनच सगळे ह्यांना अनवाणी म्हणतात. गाडी मस्त पळाली. "हिच्यात काही खोट नाही," हे म्हणाले. सुतार हसला. "बायकोला दाबताच येत नाही, दुसरं काय," म्हणाला आणि घेऊन गेला.

काल ती मोठा रस्ता ओलांडत होती. समोरून ट्रक येताना दिसला, तिने पाय दाबला आणि गाडीने उचल खाल्लीच नाही. ट्रकने मागचं दार चेपून गाडी फरफटत नेली. शुद्ध हरपण्याआधी ती भावाला एवढंच म्हणाली, "पूर्ण दाबला होता रे दादा." त्यानंतर तिने डोळे उघडलेले नाहीत. काचेवरच्या स्टिकरवर आमचा नंबर बघून क्रेनवाल्याने गाडी आमच्याच दारात आणून टाकली होती.

आता हा भाऊ मांडी धरून जमिनीवर, आणि त्याच्यामागे शटरपाशी सुतार उभा. मेहुण्याला आवरायचं सोडून मूग गिळून गप्प.

"मला मारायचं तर मारा," हे भावाला म्हणाले. "पण आधी गाडीत बसू द्या. माझी चूक निघाली तर ही मधे पडणार नाही."

मी नक्की पडले असते. मोडका हात काखेत दाबून हे चपला काढून गाडीत बसले. डाव्या हाताने किल्ली फिरवली. मागून चेपलेली गाडी, पण इंजिन लागलं. ह्यांनी पाय दाबला. इंजिन थोडं वर चढलं आणि तिथेच कण्हत राहिलं. पाय उचलून पुन्हा दाबला. ह्यांचा चेहरा उतरला.

"अर्ध्यातच अडतंय. केबल अडकली असती तर पायाला खरखर लागली असती. हे टणक आहे. मॅट उचल गं."

मी वाकून मॅट उचलली. पेडलखाली लाकडाचा ठोकळा होता, जमिनीला स्क्रूने घट्ट बसवलेला. कडा गोल केलेल्या, वर पॉलिश मारलेलं, स्क्रूची डोकी लाकडात बेमालूम बुडवलेली. जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथेसुद्धा ओबडधोबड काम सोडणं ज्याच्या हाताला जमत नाही, अशा माणसाचं काम.

भाऊ लंगडत आला. ठोकळ्याच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. त्याच्या घरातली कपाटं याच हाताने केलेली होती.

"भावजी?" तो म्हणाला.

सुतार शटर सोडून दोन पावलं पुढे आला. "ती फार जोरात चालवायची. मला भीती वाटायची, कुठेतरी आपटेल म्हणून. इथे आणताना काढला होता. नंतर परत बसवला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ह्यांच्या बोटांवर गज पडत होता तेव्हा हा माणूस उभा राहून बघत होता. एक शब्द बोलला असता तर बोटं वाचली असती.

"हात ठेव," भाऊ म्हणाला. भावजीला त्याने पहिल्यांदाच अरेतुरे केलं. गज पुन्हा त्याच्या हातात होता.

सुताराने बॉनेटवर उजवा हात ठेवला. हे "नको, नको" करत गाडीतून उतरून मधे गेले. मी ह्यांना कॉलरला धरून मागे ओढलं आणि सोडलं नाही. गज खाली आला. सुतार किंचाळला, वाकला, आणि कुणी न सांगता त्याने डावाही हात ठेवला. तोही मोडला. मग भावाने गज फेकून दिला आणि चाकाला टेकून हुंदके देत बसला.

ठोकळा अजून तिथेच होता. ह्यांना स्क्रू ड्रायव्हर धरवत नव्हता, म्हणून मीच आडवी होऊन एकेक स्क्रू काढला. ठोकळा भावाच्या मांडीवर टाकला, मीही चपला काढल्या आणि गाडीत बसले. पाय खाली नेला, पार तळापर्यंत. इंजिन असं गरजलं की छपराचे पत्रे थडथडायला लागले.

"खरं सांगत होती ती," हे भावाच्या कानाशी ओरडून म्हणाले. "तिने पूर्ण दाबला होता."

सुतार भिंतीशी बसला होता. मोडके हात त्याला कानांवर नेता येत नव्हते. मी पाय उचलला नाही.