पाठीची खाज

गेल्या चार महिन्यांत मला काय झाले आहे, हे मला अजून नीट सांगता येत नाही. दुःख म्हणावे, तर त्याला कारण सापडत नाही. दादरच्या कचेरीच्या जिन्यात एके सकाळी मी तिसऱ्या पायरीवर बसलो आणि पुढच्या पायऱ्या कशासाठी चढायच्या, तेच आठवेना. त्यानंतर मी कामावर गेलो नाही.

"आई, मला मनाच्या डॉक्टरकडे जायचे आहे," असे मी म्हणालो, तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिची बोटे थांबली नाहीत.

"हळू बोल," एवढेच ती म्हणाली.

परळच्या पालिका रुग्णालयात केस पेपरच्या खिडकीवर गंगाधरकाका बसतात. ते आमच्याच गावचे आणि करी रोडच्या चाळीत आमच्याच मजल्यावरचे. चाळीतले कोणीही आजारी पडले, की काका उठतात आणि त्याला रांगेपुढे नेऊन डॉक्टरांसमोर उभे करतात. त्यांना वगळून तिथे जाणे म्हणजे त्यांचा अपमान. शिवाय माझी बहीण अपेक्षा हिच्यासाठी चिंचपोकळीचे स्थळ काकांनीच आणलेले होते, आणि होकार अजून यायचा होता.

"मग खासगीत जाऊ दे त्याला," अपेक्षा म्हणाली. "माझ्या लग्नासाठी त्याने असंच बसून राहायचं का?"

खासगी डॉक्टर परवडणारा नव्हता. दोन दिवसांनी आईनेच तोडगा काढला.

"पाठीक खाज येता म्हणून सांग. एकदा आत शिरलंस की मग डॉक्टराक काय ता सांग."

आत गेले की सगळे डॉक्टर एकच, असा तिचा समज होता. मीही तो दुरुस्त केला नाही.

"खाज? मग लाजतंस कित्याक?" काकांनी खिडकीबाहेर येऊन माझे मनगट धरले. "वैनी, तुम्ही बसा. ह्या नवरदेवाक मी नेतंय."

त्वचारोग विभागाच्या रांगेतली एक बाई उसळली. "आम्ही काय इथे हवा खायला आलोय?"

"बाय, पोराचा हाल बघ जरा," काका म्हणाले आणि मला आत ढकलून खिडकीकडे परतले.

डॉक्टर तरुण होत्या. मी सदरा काढला. त्यांनी पाठ पाहिली, पुन्हा पाहिली.

"इथे तर काहीच नाही. नक्की कुठे खाज येते?"

"माहीत नाही."

"झोप लागते?"

चार महिने ज्याला शब्द सापडले नव्हते, ते सारे मी त्या प्रश्नावर उघड्या अंगाने, सदरा छातीशी धरून सांगत सुटलो. त्यांनी ऐकले आणि कागदावर लिहिले : मानसोपचार विभाग.

"खिडकीवरून यावर शिक्का मारून घ्या."

आईने बाहेर तो कागद वाचला आणि चार घड्या घातल्या.

"घराकडे चल."

मी तिच्या हातातून कागद घेतला. ते धैर्य होते असे मला वाटत नाही. कदाचित कुठल्याही दिशेला जाणे थांबण्यापेक्षा सोपे होते. मी खिडकीत कागद सरकवला. अपेक्षाचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शिक्का मारला.

"गुरुवारी साडेनऊ," ते हलकेच म्हणाले. मग मागे उभ्या असलेल्या आईला मोठ्याने, "वैनी, कातडीचाच आसा. चार-सहा खेपा होतले!"

संध्याकाळी चाळीतली शेवंतीआजी कडुलिंबाचा पाला घेऊन दारात उभी राहिली. "गंगाधर सांगी होतो. गरम पाण्यात घालून न्हा रे." तिच्यामागून कोणी करंजाचे तेल आणले, कोणी वांगी खाऊ नको म्हणून बजावले. मी साऱ्यांना पाठ दाखवायचे नाकारत राहिलो.

काकांनी कागद वाचलाच होता. मग त्यांनी मला सांभाळले, की स्वतः आणलेले स्थळ? ती माया होती, की माझ्याबद्दलची लाज? एका हाताने उघडलेले दार त्यांनी दुसऱ्या हाताने लोटून घेतले होते, आणि त्यांचे आभार मानावेत की रागवावे, हे मला कळत नव्हते.

गुरुवारी सकाळी आईने बादलीत पाला टाकला. कडू वाफ मोरीभर पसरली.

"आई, मला खाज नाही."

"ठावक आसा माका," ती म्हणाली. "तरी न्हा. आजी वास घेतल्याबिगर सोडूची नाय. आणि आटप लवकर. साडेनवाक पोचाक होया."