शोभेचा म्हणून मुका

मित्रांनो, मी एक तक्ता आहे आणि पुरता थकलो आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एका डोंगराळ जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात माझा जन्म झाला. फरसबी हिवाळ्यासाठी बरणीत भरायची, तर कुकरमध्ये किती दाबावर किती मिनिटे ठेवायची, हे मी सांगतो. गाव जितके उंचावर, तितका दाब जास्त लागतो. तो कमी पडला तर बरणीत विष तयार होऊ शकते, आणि ते ना दिसते ना त्याचा वास येतो. म्हणून ग्रेटा नावाच्या बाईने पट्टी धरून, जीव ओतून मला रेखले.

तीस वर्षे मी भिंतीवर होतो. बायका यायच्या, बोट फिरवून आपल्या गावाची ओळ शोधायच्या, आकडे लिहून न्यायच्या. कौतुक पुष्कळ झाले. मग भिंत रंगवायला काढली. कोणीतरी माझा फोटो काढून पुस्तिकेत चिकटवला आणि पुस्तिका संगणकावर गेली. तेव्हापासून मी नुसते चित्र झालो.

अंध माणसांचा संगणक मजकूर वाचून दाखवतो. चित्र आले की त्यामागे संगणकात लिहून ठेवलेले वर्णनाचे शब्द वाचतो. माझ्यामागे कोणी काही लिहिलेच नव्हते, त्यामुळे संगणकावरच्या पुस्तिकांच्या तपासणीत माझ्या नावापुढे लाल खूण उठली. अशी आणखी दोनशे चित्रे होती आणि काम करायला कार्यालयातली डेनिस कार्व्हर एकटी. शुक्रवारपर्यंत सगळे लाल गेले पाहिजे, असा साहेबांचा हुकूम होता. पहिल्या चाळीस चित्रांचे शब्द तिने मन लावून लिहिले. मग मान आखडली, डोळे चुरचुरू लागले. तेवढ्यात तिला एक सोय सापडली: 'हे चित्र केवळ शोभेचे आहे'. तिथे टिचकी मारली की शब्द लिहावे लागत नाहीत आणि लाल खूणही जाते; मात्र वाचणारा संगणक ते चित्र न सांगताच ओलांडून जातो. उरलेल्या आम्हा सगळ्यांना तिने शोभेचे करून टाकले. साहेब खूश झाले, त्यांनी डोनटचा खोका आणला. मला फार वाईट वाटले, पण तिचा राग आला नाही. तीही दमलीच होती.

ऑक्टोबरात डेल्फीन होगनचा फोन आला. चौऱ्याहत्तर वर्षांची ही अंध बाई सखल आयोवा राज्यातून इथे डोंगरात राहायला आली होती. नवरा होता तोवर तो तिला आकडे वाचून दाखवायचा.

"डेनिस, तुमची पुस्तिका 'खालील तक्ता पाहा' म्हणते आणि थेट बरण्या पुसण्यावर जाते. मधलं कुठं गेलं?"

"तिथे फक्त एक चित्र आहे, मिसेस होगन."

"फुलांचं आहे का?"

डेनिसने मला उघडले आणि बघतच राहिली. "नाही," ती हळूच म्हणाली. "दाबाचे आकडे आहेत."

"मग सांग ना. मी आयोवाच्या सवयीने फरसबी अकरा पाउंड दाबावर केलीय. बावीस बरण्या. रविवारी चर्चच्या जेवणाला द्यायच्यात."

"तुमचं घर किती उंचावर आहे?"

"पाच हजार फूट."

"तेरा पाउंड लागतात."

मग डेल्फीन म्हणाली, "म्हणजे टाकायच्या."

"उघडू नका, चाखूही नका. मी येऊन घेऊन जाते."

"ये सावकाश. आधी ते चित्र नीट कर. मी फोनवर थांबते."

डेनिसने घाईघाईने लिहिले: 'फरसबीचा तक्ता'.

"तक्ता आहे ते कळलं गं. पण तो म्हणतो काय?"

तेव्हा कुठे डेनिस माझ्यासमोर नीट बसली. उंची, दाब, मिनिटे, सगळ्या ओळी तिने लिहून काढल्या. पलीकडे डेल्फीनच्या संगणकाने त्या वाचल्या आणि कित्येक वर्षांनी माझा उपयोग झाला.

"आता कसं वाटतंय?" डेनिसने विचारले.

"आता चांगलं केलंस. पण परवाच्या गारठ्यात माझे वेल करपले, डेनिस. यंदा पुन्हा करायला शेंगच उरली नाही."

फोन ठेवून डेनिसने पुढचे चित्र उघडले आणि त्याच्यावरची 'शोभेचे' ही खूण काढली.

मित्रांनो, आमच्यामागे शब्द लिहाल तेव्हा फोनवर कोणी थांबले आहे असे समजून लिहा. दमलात तर उद्या लिहा. तोवर लाल खूण राहिली तर राहू द्या. इथे काहीतरी सांगायचे राहून गेले आहे, एवढे तरी ती खरे सांगते.