सहा वाचक

सहा. ब्लॉगच्या पानाच्या अगदी तळाशी काळ्या चौकटीत, रिक्षाच्या मीटरसारखे पांढरे आकडे, आणि त्याखाली बारीक अक्षरांत — आज : सहा. इलाक्षीने चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिलं, जणू जवळून बघितलं की एखादा वाढणार होता. सहांतले तीन तर मीच, ती मनाशी म्हणाली. सकाळी दूध तापताना मोबाइलवरून एकदा, पूजा आटोपल्यावर संगणकावरून एकदा, आणि आता तिसऱ्यांदा. चौथा तो केसांच्या तेलाचा, जो तिच्या प्रत्येक लेखाखाली 'फार छान माहिती' असं लिहून तेलाचा पत्ता ठेवून जातो. पहिल्यांदा तिने त्याला चार ओळींचं आभाराचं उत्तर लिहिलं होतं, त्याच्या घरच्यांची खुशाली विचारली होती... तो माणूस नसून यंत्र आहे हे कळायला दीड वर्ष गेलं. उरले दोन. ते दोघे कोण, हे अकरा वर्षांत तिला कधी कळलं नव्हतं. त्या दोघांसाठीच तर ती लिहीत होती — भावनगरच्या या दोन खोल्यांत, पार्श्वभूमीला जाईची फुलं असलेल्या त्या पानावर. ती फुलं एकदा लागली ती लागलीच, काढायची कशी ते तिला सापडलं नाही, आणि जुन्या लेखांतले फोटो कधीतरी आपोआप जाऊन तिथे राखाडी चौकोन उरले, तेही तसेच.

आज मात्र तिला त्या दोघांचं काही नव्हतं. आज तिला एकाच बाईने वाचायला हवं होतं, आणि वाचून जळायला हवं होतं.

ज्ञातीचं मुखपत्र संगणकाशेजारी उघडं पडलं होतं, चौदाव्या पानावर. लग्नं, साखरपुडे, दहावीचे निकाल, हाताला चिकटणारा स्वस्त कागद. सकाळी समोरच्या मंजुळाबेन ते घेऊन आल्या, दारातच उभ्या राहिल्या, म्हणाल्या, तुझ्या भाभीने काय लिहिलंय गं सासूवर, मी तर रडले. तूपण लिहितेस ना काहीतरी त्या कम्प्युटरवर, जरा शीक तिच्याकडून. इलाक्षी हसली होती. हसून पान उघडलं — 'आमच्या बा', लेखिका : सौ. रसीला हर्षद त्रिवेदी, महुवा. आणि खाली... खाली माझी वाक्यं. बा, माझी आई, गेल्यावर तेराव्या दिवशी, नाक पुसत, एकेक अक्षर शोधून टंकलेली माझी वाक्यं, स्वल्पविरामांसकट. मी 'ओसरी' दोनदा लिहिलं होतं चुकून, तर तिथेही 'ओसरी ओसरी'. चोरीसुद्धा धड करता येत नाही त्या बाईला, निदान एक तरी ओसरी खायची.

दुपारच्या जेवणात तिने नवऱ्याला, कनुभाईंना, वाचून दाखवलं. त्यांनी ताकाची वाटी संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाले, इला, ज्ञातीची दीड हजार घरं आहेत, दीड हजार घरांत तुझा लेख गेला, तुला सहा बरे की दीड हजार? पेढे वाट. मग तंगड्या पसरून झोपले. घोरण्यातसुद्धा एक समाधान होतं त्यांच्या. अठ्ठावीस वर्षं या माणसाला ती 'माझं लिहिणं' म्हणते आणि तो 'तुझी टिकटिक' म्हणतो. त्याचाही तिला आत्ता राग आला, पण तो जुना होता, घरातल्या फर्निचरसारखा, त्याला वळसा घालून जाता येतं. हा राग नवा होता. याला धार होती.

समोर मजकूर तयार होता. शीर्षक : 'चोरी'. रसीलाचं नाव, गाव, नातं, सगळं. कोपऱ्यात ते नारिंगी बटण — प्रकाशित करा. एकदा दाबलं की संपलं. संपलं म्हणजे महुव्याचं घरही संपलं, हे तिला दिसत होतं. भाऊ हर्षद काही बोलणार नाही, तो कधीच काही बोलत नाही, पण राखीला गेल्यावर दार उघडायला भाभी येणार नाही, आणि बा गेल्यापासून ते दार उघडणारा हात तो एकच. माहेर म्हणजे आता काय — एक झोपाळा, एक पाण्याची टाकी, आणि 'या बेन' म्हणणारी ही बाई, जिच्याशी पंचवीस वर्षांत एकदाही मन मोकळं झालं नाही... जाऊ दे ते घर. असल्या घरी जाऊन करायचंय काय?

तरी बोट थांबलं, ते एका वाक्याशी. तिने लिहिलं होतं : बा कैरीचा छुंदा कधी चाखायची नाही, उन्हात मुरणाऱ्या त्या गोड लोणच्याचा थेंब बोटांत धरून तार ओढायची, उन्हाकडे बघायची आणि म्हणायची, झाला. मुखपत्रात इथपर्यंत सगळं तेच, आणि पुढे घुसवलेलं — 'शेवटची पाच वर्षं बांना चव कळत नव्हती. त्या बोट माझ्या तोंडापुढे धरायच्या आणि विचारायच्या, मीठ जास्त नाही ना झालं? आणि म्हणायच्या, कोणाला सांगू नकोस.'

खोटं. शुद्ध खोटं. माझ्या आईच्या तोंडात माझ्या लेखात ही बाई स्वतःचं बोट घालते — की आईचं बोट स्वतःच्या तोंडात... इलाक्षीने फोन उचलला. चोरीपेक्षा हे वाक्य तिला जास्त खुपत होतं, कारण सकाळपासून चारदा वाचून चारही वेळा ती तिथेच अडखळली होती, स्वतःच्या वाक्यांवरून सरळ पुढे गेली होती आणि तिथे अडखळली होती.

रसीलाने फोन उचलला तेव्हा मागे कुकरची शिट्टी झाली. तिने आधी उन्हाची चौकशी केली, कनुभाईंच्या गुडघ्याची केली. इलाक्षीने मुखपत्राचं नाव घेतलं, तशी ती म्हणाली, हो बेन, आलं ना छापून, छान आलंय. आवाजात ना शरम ना चाचरणं. मग इलाक्षीने जे म्हणायचं ते म्हटलं — थोडं ठरवलेलं, बरंचसं न ठरवलेलं. उचलेगिरी, बिनलाजेपण, मेलेल्या माणसाच्या नावावर मिरवणं. पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी.

"तुमचं नाव घातलं होतं मी आधी," रसीला म्हणाली. "त्यांनी परत पाठवलं. तुम्ही ज्ञातीबाहेर लग्न केलंत ना बेन, यादीत तुमचं नाव नाही. यादीतल्याचंच छापतात. मग म्हटलं, बांचं येऊ दे, नाव कोणाचं का असेना."

हे खरं असू शकत होतं. तो नियम तिला ठाऊक होता. तिच्या लग्नाची बातमीही त्यांनी छापली नव्हती, आणि बा तो अंक उलटासुलटा करून बघत राहिली होती. खरं असू शकत होतं म्हणून तिला आणखीच चीड आली.

"आणि ते चवीचं? ते कोणाला विचारून घातलंत?"

"कोणाला विचारायचं? माझ्याच तर तोंडात बोट द्यायच्या."

"बाला चव कळत नव्हती, आणि मला माहीत नाही?"

"तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या." मग रसीलाचा आवाज पहिल्यांदा खरा झाला, म्हणजे कडू झाला. "तुमच्यामुळेच तर. ते समुद्राचं लिहिलंत ना तुम्ही."

समुद्राचं... 'यंदा बाने छुंद्यात महुव्याचा समुद्र ओतला.' सहा वर्षांपूर्वीचं, मीठ जास्त पडलं त्या उन्हाळ्याचं. तिचं सगळ्यात गाजलेलं वाक्य — त्या दिवशी आकडा एकतीसवर गेला होता, कोणीतरी खाली हसरे चेहरे टाकले होते, ती दिवसभर घरात गुणगुणत होती. बाला संगणक कुठला, बाला वाचायला चष्मासुद्धा धड नव्हता. बाला कळण्याचा प्रश्नच नव्हता.

"दर रविवारी वाचून दाखवायचे मी," रसीला सांगत होती. "जेवणं झाल्यावर. इलाने काय लिहिलं, म्हणायच्या. समुद्राचं वाचलं तेव्हा हसल्या. खूप हसल्या. परत वाच म्हणाल्या. पुढच्या उन्हाळ्यापासून बोट पुढे करायला लागल्या."

"तुम्ही वाचलंत कशाला ते?"

"तुम्ही लिहिलंत कशाला बेन? कोणीतरी वाचावं म्हणूनच ना."

फोन कोणी आधी ठेवला ते तिला नंतर आठवेना.

आतून कनुभाईंचं घोरणं येत होतं. सहा. आज : सहा. त्या दोघांतली एक रसीला होती, अकरा वर्षं, दर रविवारी, इमानाने — आणि तिच्या शेजारी झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसलेली जी ऐकत होती, ती या काळ्या चौकटीत कधीच आली नव्हती. ऐकणारा मोजला जात नाही. मी रोज मोजत होते, दूध उतू जाईपर्यंत मोजत होते... आणि बा हसली. खूप हसली म्हणजे कशी? तोंडावर पदर घेऊन, की नुसती मान हलवून, चोरी पकडली गेल्यावर हसतात तशी? ते रसीलाला माहीत आहे. रसीलाला माहीत आहे आणि मला विचारावं लागेल, आणि ती सांगेल, नाहीतर सांगणार नाही.

'चोरी' अजून तसंच होतं, बटण तसंच नारिंगी. तिने ते शीर्षक पाहिलं आणि तिला कळेना ते कोणाला उद्देशून आहे. राग गेला नव्हता. नुसता जागेवरून हलला होता, जड तपेलं एका हातातून दुसऱ्या हातात घ्यावं तसा, आणि दुसऱ्या हाताला त्याची सवय नव्हती.

ती उठून गच्चीवर गेली, तिथे ऊन पांढरंफटक होतं. तिच्या यंदाच्या छुंद्याच्या तपेल्यावर बांधलेलं मलमलीचं फडकं तिने सोडलं. चौथा दिवस, साखर विरघळली होती, कैरीचा कीस काचेसारखा होत चालला होता. दोन बोटांत थेंब धरला. तार आली, एक, मग अर्धी, मग तुटली. अजून वेळ होता. मग, जे तिने कधी केलं नव्हतं, ते बोट तिने तोंडात घातलं. गोड होतं. आंबट होतं. मीठ... मीठ बरोबर असावं. असावं. तिने पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चाखलं, आणि या खेपेस काहीच ठरवता येईना. जीभ नुसती तोंडात पडून राहिली, कोणीतरी विचारेल म्हणून. बोट तिने बाहेर काढलं आणि ते तसंच समोर धरून ती उभी राहिली, तोंडापासून वीतभर अंतरावर, जिथे एखाद्याचं तोंड असायला हवं होतं.